स्वस्त प्लास्टिकच्या बादलीत सोडा आंबवायचाय? आधी बादलीचा तळ बघा

आंबवलेला आल्याचा किंवा स्ट्रॉबेरीचा सोडा घरी कसा करायचा, याचे भरपूर रील्स तुम्ही पाहिले असतील. त्यात बहुतेक वेळा एक देखणी काचेची बरणी असते आणि ती महाग असते. मी पाचगणीत राहून घरूनच काम करतो. दिवसा कोड लिहितो आणि सीझनमध्ये स्ट्रॉबेरीचा सोडा करतो, तोही साध्या प्लास्टिकच्या बादलीत. कुठलं प्लास्टिक चालतं, कुठलं नाही आणि त्यामागचं कारण काय, ते या लेखात बघू.

त्याआधी कायद्याचं. परदेशात ‘होम ब्रूइंग’ म्हणजे घरी बिअर किंवा वाइन बनवणं, आणि बऱ्याच देशांत ते चालतं. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू आहे. परवान्याशिवाय दारू बनवणं हा गुन्हा आहे, मग ती घरात बनवा, स्वतःपुरती बनवा किंवा एक लिटरच बनवा. त्यामुळे हा लेख फक्त दोन-तीन दिवसांत तयार होऊन फ्रीजमध्ये जाणाऱ्या सोड्याबद्दल आहे. या सोड्यातही किंचित अल्कोहोल तयार होतं, ते किती आणि कसं ओळखायचं हे पुढे सांगतो.

तळावरचा त्रिकोण

बादली किंवा कॅन उलटा करा. तळाशी बाणांचा त्रिकोण आणि आत एक आकडा दिसेल. तो बारीक असतो, म्हणून फोनचा टॉर्च तिरका धरा आणि कॅमेरा झूम करा. १ म्हणजे पेट, २ म्हणजे एचडीपीई, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. आपल्या कामाचे हे तीनच. ३ म्हणजे पीव्हीसी आणि ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, ते नको. ७ म्हणजे ‘बाकी सगळं’. पाण्याच्या २० लिटरच्या जारमध्ये यातलं पॉलिकार्बोनेट बऱ्याचदा असतं. आंबट द्रव त्यात कित्येक दिवस ठेवायला मी तरी तयार नाही.

इथे बरेच जण फसतात. हा आकडा प्लास्टिकची जात सांगतो, ते खाण्यासाठी योग्य आहे की नाही हे सांगत नाही. रंगाची बादलीसुद्धा ५ नंबरची असू शकते. म्हणून त्यावर ‘फूड ग्रेड’ लिहिलंय का, किंवा काटा आणि ग्लासचं चिन्ह आहे का ते बघा. नवीन डबा घेताना भारतीय मानक क्रमांक विचारायलाही हरकत नाही: पॉलिइथिलीनसाठी आयएस १०१४६, पॉलिप्रॉपिलीनसाठी आयएस १०९१०, पेटसाठी आयएस १२२५२.

सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा मार्ग म्हणजे ज्यात आधी खाण्याचाच पदार्थ होता तो डबा. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावर स्ट्रॉबेरी क्रीमचे स्टॉल ओळीने आहेत, आणि त्यांच्याकडे क्रशचे पाच लिटरचे रिकामे कॅन साठत असतात. हलवायाकडे ग्लुकोज सिरपच्या बादल्या असतात. विचारलं तर देतात. लोणच्याचा किंवा तेलाचा डबा मात्र घेऊ नका, कारण हे प्लास्टिक तेल आणि वास दोन्ही शोषतं. व्हिनेगर, सोडा, ऊन, काहीही करा, सोड्याला लोणच्याची चव येतेच.

काच की प्लास्टिक?

प्लास्टिकमधून हवा हळूहळू आरपार जाते. एचडीपीईमधून ऑक्सिजन पेटच्या तुलनेत वीस पटींहूनही जास्त वेगाने जातो. महिनोन्‌महिने साठवण करायची असती तर याने फरक पडला असता. आपलं काम तीन दिवसांचं आहे, त्यामुळे हा मुद्दा सोडून द्या.

खरी अडचण ओरखड्यांची आहे. काच घासली तरी गुळगुळीत राहते. प्लास्टिकवर तारेची घासणी एकदा फिरवली की बारीक चरे पडतात, त्यात नको असलेले जंतू बसतात आणि धुऊनही निघत नाहीत. मऊ स्पंज वापरा आणि महिन्यातून एकदा टॉर्च तिरका धरून आतली बाजू तपासा. उकळतं पाणी पेटमध्ये ओतू नका. साधारण ७० अंशांच्या पुढे पेट मऊ पडतं आणि बाटली आक्रसते. पाचगणी साधारण १३०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, पण पेटसाठी तेही खूप झालं. निर्जंतुक करायला चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा साधं, बिनवासाचं ब्लीच पुरतं. दहा मिनिटं ठेवा आणि उकळून गार केलेल्या पाण्याने दोन-तीनदा नीट खळबळा. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

झाकण आणि नळी

झाकणाला भोक पाडा, त्यात रबरी ग्रोमेट बसवा, त्यातून फिश टँकची नळी काढा आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवा. झाला एअरलॉक. आतला वायू बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही.

निदान पुस्तकात तरी असं असतं. पाचगणीत हिवाळ्यात दुपार आणि पहाट यांच्या तापमानात बराच फरक पडतो. बादलीत वर पाच लिटर रिकामी जागा असेल आणि तापमान २५ वरून १३ अंशांवर आलं, तर आतली हवा साधारण ४ टक्के, म्हणजे २०० मिलिलिटर आकसते. तेवढं ग्लासातलं पाणी नळीतून उलटं आत खेचलं जाऊ शकतं. भरलेली बादली कडीला धरून उचलली की भिंती दबतात, तेव्हाही असंच होतं. उपाय सोपा आहे. ग्लासात उकळून गार केलेलं पाणी अगदी थोडं ठेवा, रिकामी जागा कमी ठेवा आणि बादली हलवायच्या आधी नळी काढा.

स्ट्रॉबेरीचा स्वतःचा एक त्रास आहे. गर वायूबरोबर वर येतो, त्याचा जाड थर होतो आणि नळी तुंबते. म्हणून फळ मलमलच्या पिशवीत बांधून टाका. नळी तुंबलीच तर बादलीचं झाकण ‘टप्’ करून उघडतं आणि भिंतीवर गुलाबी नक्षी उमटते, एवढंच. काचेच्या घट्ट बरणीत तोच दाब काय करतो हे समजायला थोडं गणित लागेल.

दाबाचं गणित

यीस्ट साखर खातं आणि तिचे जवळपास समान वजनाचे दोन भाग करतं: अर्धं कार्बन डायऑक्साइड, अर्धं अल्कोहोल. १०० ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर सुमारे ५० ग्रॅम वायू होतो. पाचगणीच्या हवेच्या दाबाला तो ३० लिटरच्या वर भरतो. हा सगळा वायू एका बंद बाटलीत कोंडला तर बाटली फुटणारच. काच फुटली की तुकडे खोलीभर उडतात, आणि बाटली उघडताना चेहरा नेमका तिच्यावरच वाकलेला असतो.

म्हणून सोडा भरायला कोल्ड्रिंकची पेट बाटलीच घ्या, पाण्याची नाही. ओळखायचं कसं? तळ बघा. दाब सहन करणाऱ्या बाटलीच्या तळाला सहसा पाच पाकळ्या असतात. शिवाय पेटमध्ये एक फुकटचा सेन्सर असतो, तो म्हणजे तुमचा अंगठा. बाटली दाबली जाईनाशी झाली की लगेच फ्रीजमध्ये टाका. गारव्याने यीस्ट मंदावतं, थांबत मात्र नाही. त्यामुळे आठवड्याभरात संपवा आणि बाटली उघडताना झाकण हळूहळू सैल करा. वाईहून पसरणी घाट चढताना वेफर्सचं पाकीट फुगलेलं पाहिलंय ना? बाहेरचा दाब कमी होतो म्हणून ते फुगतं. भरलेली बाटली खालून वर आणताना हे लक्षात असू द्या.

अल्कोहोल किती झालं?

वायू आणि अल्कोहोल जोडीने तयार होतात, म्हणून उडून गेलेल्या वायूचं वजन कळलं की अल्कोहोलचा अंदाज येतो. बादली स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा, नळीचा ग्लास बाजूला ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ काट्याचा फोटो काढा. फोटोवर वेळ आपोआप येते, म्हणजे तीच तुमची लॉगबुक. लिटरमागे ४ ग्रॅम घट झाली तर अल्कोहोल साधारण अर्धा टक्का. प्रत्यक्षात थोडं जास्तच, कारण सुरुवातीचा ग्रॅम-दीड ग्रॅम वायू पाण्यातच विरघळून राहतो. पाच लिटरच्या बादलीत मी १० ग्रॅम घट दिसली की थांबतो आणि बाटल्या भरतो, कारण बाटलीतही आंबणं थोडं चालू राहतं. त्यापुढे गोडवाही कमी होतो आणि कायद्याचा प्रश्नही उभा राहतो.

हार्डवेअरची आवड असेल तर ‘आयस्पिंडल’ शोधा. हा ओपन सोर्स प्रोजेक्ट आहे. सोड्याची बाटली फुगवण्याआधीची जी जाड पेट नळी असते, तशा नळीत ईएसपी८२६६ चिप, बॅटरी, तापमानाचा सेन्सर आणि झुकाव मोजणारा सेन्सर बसवून ती द्रवात तरंगत सोडतात. साखर कमी झाली की द्रव हलका होतो, नळी जास्त बुडते आणि तिचा कोन बदलतो. तो कोन वाय-फायवरून फोनवर येतो. स्क्रीन आडवी केली की फोनला कळतं, त्यामागेही असाच सेन्सर असतो. तीन दिवसांच्या सोड्यासाठी हे जरा जास्तच आहे, पण शिकायला मस्त.

आतून चरे पडलेली किंवा वास धरलेली बादली सोड्यासाठी पुन्हा वापरू नका. तळाला चार भोकं पाडा आणि तिच्यात पुदिना लावा.