पन्नास व्याख्याने, सर्वांना सारखी : पर्यावरण अभ्यास विषयाचा इतिहास

तुम्ही बी.ए.ला असा, बी.कॉम.ला असा किंवा अभियांत्रिकीला; पर्यावरण अभ्यासाचा पेपर तुमच्या वाट्याला येतोच. बहुतेक जण तो परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड वाचून देतात. हा विषय सर्व शाखांना कसा लागू झाला आणि तरीही तो प्रत्येक शाखेचा का झाला नाही, हे या टिपणात पाहू.

१९७२ मध्ये स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणावर संयुक्त राष्ट्रांची परिषद झाली. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचे रक्षण हे राज्याचे मार्गदर्शक तत्त्व आणि नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. १९७७ मध्ये तिबिलिसी येथील परिषदेने आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली : पर्यावरण शिक्षण आंतरविद्याशाखीय असावे. याचा अर्थ, नवा विषय शेजारी आणून ठेवायचा एवढेच नव्हे, तर प्रत्येक विद्याशाखेने आपल्या ज्ञानातून त्याच प्रश्नाकडे पाहायचे.

भारतात सक्ती आली ती न्यायालयामार्फत. ॲड. एम. सी. मेहता यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी निकाल दिला. शालेय स्तरावर पर्यावरण शिक्षण टप्प्याटप्प्याने सक्तीचे करावे आणि महाविद्यालयांत तो अनिवार्य विषय करण्याचा विचार विद्यापीठ अनुदान आयोगाने करावा, असे त्यात होते. प्रत्यक्ष अंमलबजावणीला बारा-तेरा वर्षे गेली. अखेर आयोगाने सर्व शाखांच्या पदवी वर्गांसाठी सहा महिन्यांचा एकच अभ्यासक्रम तयार केला आणि त्यासाठी पुण्याचे डॉ. एरक भरुचा यांनी पाठ्यपुस्तक लिहिले. डॉ. भरुचा पेशाने शल्यविशारद.

या अभ्यासक्रमाची विभागणी बोलकी आहे. एकूण आठ घटक, पन्नास व्याख्याने. त्यांपैकी विषयाच्या बहुविद्याशाखीय स्वरूपाला दोन आणि क्षेत्रभेटीला पाच. गुण मात्र लेखी परीक्षेला ७५ आणि क्षेत्रकार्याला २५. एवढ्या मोठ्या देशाला एकच आराखडा हवा होता, हे मान्य. पण शाखेनुसार बदल करायला खरी मोकळीक होती ती या पाच तासांतच. तेच तास अनेक ठिकाणी कागदावर उरले. पुढे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात अभियांत्रिकीसाठी हा विषय अनिवार्य, पण श्रेयांकाविना ठेवला गेला. ज्याला श्रेयांक नाही, त्याला विद्यार्थी किती वेळ देणार?

दोष केवळ व्यवस्थेचा नाही. मीही काही वर्षे स्थापत्य आणि संगणक या दोन्ही वर्गांना एकाच वहीतून आम्लवर्षेची व्याख्या सांगत होतो. संगणकाचा एक विद्यार्थी म्हणाला, “सर, यात आमचं काय?” त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. तेव्हापासून मी व्याख्येऐवजी एक जागा घेऊन शिकवतो.

बेंगळुरूचा बेलंदूर तलाव घ्या. पावसाचे पाणी अडवणाऱ्या, एकाचे पाणी दुसऱ्यात जाणाऱ्या तलावांच्या साखळीतला हा एक. शहर वाढले, सांडपाणी त्यात आले, पाण्यावर फेस आला आणि २०१७ व २०१८ मध्ये तलावावर आग लागली. इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारावे, ही साखळी कोणी बांधली आणि राखली? रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने डिटर्जंटपासून फेस कसा बनतो ते पाहावे. स्थापत्यवाल्याने सांडपाण्याचा मार्ग काढावा, वाणिज्यवाल्याने सफाईचा खर्च कोण भरतो हे मांडावे. २०१७ च्या आगीनंतर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने स्वतःहून दखल घेतली. ती कशाच्या आधारे, हे विधीच्या विद्यार्थ्याने शोधावे. संगणकवाल्याने पाण्याच्या नोंदी वर्षानुवर्षे लावून बदल दाखवावा. तलाव तोच, प्रत्येकाचे काम वेगळे. मग सर्वांनी एकत्र बसून एकमेकांची उत्तरे तपासावीत. तिबिलिसीला अभिप्रेत होते ते हेच.

न्यायालयाच्या आदेशाने विषय वेळापत्रकात आला. तो आपापल्या शाखेत आणण्याचे काम मात्र शिक्षकाचे आणि तुमचेही आहे.

स्वाध्याय : तुमच्या महाविद्यालयाचे सांडपाणी कुठे जाते? त्याचा शेवटपर्यंत माग काढा आणि तुमच्या शाखेला त्यात काय करता येईल, ते एका पानात लिहा.