तीन बाळ गंगाधर

रत्नागिरीतल्या एका वाचनालयात चरित्रविभागाची कार्डं लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग स्वतःचं नाव आणि वडिलांचं. त्या खणात ‘बाळ गंगाधर’ तीनदा येई: खेर, जांभेकर, टिळक. वाचकाने नुसतं ‘बाळ गंगाधर’ म्हटलं की टिळकांचं चरित्र काढून द्यायचं, हे ठरलेलंच. उरलेल्या दोघांना क्वचितच कुणी मागे, आणि याची मला फार खंत वाटे. कारण ही तीन आयुष्यं ओळीने वाचली की कोकणातल्या शिकलेल्या माणसाच्या पोटापाण्याचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास कळतो.

तिघेही रत्नागिरी जिल्ह्याचे. जांभेकरांचं पोंभुर्लं देवगड तालुक्यात. १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा झाला तेव्हा ते त्या जिल्ह्यात गेलं. टिळक (१८५६) आणि खेर (१८८८) यांचा जन्म खुद्द रत्नागिरीतला. टिळकांचं पाळण्यातलं नाव खरं तर केशव. घरात बाळ म्हणत, तेच पुढे राहिलं.

जांभेकरांचे वडील गंगाधरशास्त्री पुराण सांगत. मुलगाही त्याच वाटेने गेला असता, पण तो मुंबईला आला, बापू छत्र्यांच्या आधाराने इंग्रजी शिकला आणि कोवळ्या वयातच मुंबईच्या नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या कामात गुंतला. १८३२ च्या ६ जानेवारीला त्याने ‘दर्पण’ काढलं. मजकूर इंग्रजी आणि मराठी, दोन्ही. गव्हर्नराच्या माणसाने वाचावं आणि आपल्या माणसानेही वाचावं, असा तो बेत होता. हे पत्र १८४० पर्यंत चाललं. पण त्यांचं घर पत्रावर चालत नव्हतं, नोकरीवर चालत होतं. अक्कलकोटच्या राजपुत्राला शिकवणं, १८३४ पासून एल्फिन्स्टनमध्ये अध्यापन, काही काळ कुलाब्याच्या वेधशाळेचा कारभार, शेवटी शिक्षक तयार करणाऱ्या शाळेची जबाबदारी. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांत दादाभाई नौरोजी होते. या सगळ्या व्यापात ताम्रपट वाचून त्यांवर निबंध लिहिले, कलनशास्त्रावर मराठीत ‘शून्यलब्धि’ लिहिलं, १८४५ मध्ये ज्ञानेश्वरी छापून काढली. मिशनऱ्यांकडे गेलेल्या श्रीपाद शेषाद्रि या मुलाला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावं म्हणून ते सनातन्यांशी भांडले. सरकारी पगार घेणारा माणूस किती मोकळेपणाने जगू शकतो, याची मर्यादा त्यांनी ताणून पाहिली. १८४६ च्या मे महिन्यात ते गेले, तेव्हा चाळिशीही गाठलेली नव्हती. मला या तिघांत सगळ्यात जास्त जवळचे वाटतात ते हेच.

टिळकांचे वडील गंगाधरपंत शाळाखात्यातले. त्रिकोणमितीवर आणि व्याकरणावर पुस्तकं लिहिणारे. म्हणजे जांभेकरांच्या पिढीने जी नोकरी नव्याने घडवली, ती इथे घरचीच झाली होती. मुलाने मात्र ती नाकारली. बी.ए., एल्‌एल्‌.बी. होऊनही सरकारी चाकरी करायची नाही असं ठरवून १ जानेवारी १८८० ला चिपळूणकरांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल काढलं. पुढच्या वर्षी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले. टिळकांना आपण पुढारी म्हणून ओळखतो, पण आधी ते गणिताचे मास्तर होते, आणि फर्ग्युसनच्या वर्गात ते गणित व संस्कृत शिकवत. १८९० मध्ये हे कॉलेज चालवणारी संस्था सोडल्यावर पुण्यात कायद्याचा वर्ग चालवला आणि लातूरला भागीदारीत कापसाची जिनिंग फॅक्टरी काढली. हे सगळं कशासाठी? पत्र कुणाच्या उपकारावर चालू नये म्हणून, असं माझं मत आहे. जांभेकरांना जे शक्य नव्हतं ते टिळकांनी केलं: लेखणीचा धनी स्वतःच राहायचं, मग तुरुंग आला तरी चालेल. कोल्हापूर प्रकरणात १८८२ मध्ये आगरकरांबरोबर डोंगरीचा तुरुंग, १८९७ मध्ये दीड वर्षाची शिक्षा, आणि १९०८ मध्ये सहा वर्षांची. ‘गीतारहस्य’ मंडालेच्या कोठडीत लिहिलं गेलं.

टिळकांना ही शेवटची शिक्षा मुंबईच्या उच्च न्यायालयात झाली, त्याच साली विल्सन कॉलेजमधून बी.ए. होऊन एक तरुण बाहेर पडला. संस्कृतसाठी भाऊ दाजी पारितोषिक मिळवणारा हा तिसरा बाळ गंगाधर पुढे त्याच न्यायालयात सॉलिसिटर झाला. १९१८ मध्ये मणिलाल खेर आणि कंपनी ही पेढी सुरू झाली. त्या काळी सॉलिसिटर उच्च न्यायालयात भाषण करत नसे. तो कागद तयार करी, अशिलाचं म्हणणं नेमकं करी. खेरांच्या राजकारणातही हाच स्वभाव दिसतो. १९३७ मध्ये मुंबई प्रांताचं नेतृत्व के. एफ. नरीमनांकडे जाईल असं वाटत असताना काँग्रेसने खेरांची निवड केली आणि मोठं वादळ उठलं. खेर त्यात फारसं बोलले नाहीत, कामाला लागले. १९३९ मध्ये युद्धाच्या प्रश्नावर राजीनामा, १९४६ मध्ये पुन्हा त्याच जागी, १९५२ पर्यंत. पुणे विद्यापीठ त्यांच्याच कारकिर्दीत उभं राहिलं. मग लंडनला उच्चायुक्त, परत येऊन राजभाषा आयोगाचं अध्यक्षपद, आणि १९५७ च्या मार्चमध्ये मृत्यू. पहिल्या बाळ गंगाधराने ज्या सरकारची नोकरी केली आणि दुसऱ्याला ज्याने तुरुंगात टाकलं, ते सरकार तिसऱ्याने चालवलं.

जांभेकरांच्या नावाने दर ६ जानेवारीला पत्रकार दिन होतो, पोंभुर्ल्यात त्यांचं स्मारकही आहे. टिळकांबद्दल तर बोलायलाच नको. खेरांचं मात्र काहीच रुजलं नाही. यशवंतराव हे महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री, हे रत्नागिरीच्या कुठल्याही मुलाला पाठ असतं. त्याआधी मुंबई प्रांत चालवणारा माणूस आपल्याच गावचा होता, हे त्याच्या शिक्षकालाही बहुधा ठाऊक नसतं. म्हणून जिल्ह्यातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. १ ऑगस्टला टिळकांची पुण्यतिथी कराल, ती मनापासून करा. पण २४ ऑगस्टला, खेरांच्या जयंतीला, एक तास त्यांच्यासाठीही राखून ठेवा.