राईनपाडा, 1 जुलै 2018: फॉरवर्डच्या वेगाचा घटनाक्रम

जून 2018: तीन आठवडे आधी

खान्देशात पेरण्यांची लगबग होती आणि मोबाइलवर एक भीती फिरत होती: मुले पळवणारी टोळी आली आहे, आपली लेकरे सांभाळा. सोबत व्हिडिओ. त्यांतल्या एकात मोटरसायकलवरचे दोघे रस्त्यातले मूल उचलून नेतात. ही मुळात कराचीतल्या रोशनी हेल्पलाइन या संस्थेची जनजागृतीची फिल्म होती. तिच्या शेवटी मूल परत आणून सोडले जाते आणि पालकांना सावध करणारी पाटी दिसते. फिरणाऱ्या तुकड्यात हा शेवट कापलेला होता. सीरियातल्या घौटा इथे 2013 मध्ये विषारी वायूने मेलेल्या मुलांची दृश्येही टोळीचा पुरावा म्हणून फिरत होती.

8 जूनला वैजापूर तालुक्यातल्या चांदगावात चोर समजून दोघांना जमावाने मारले. त्याच दिवशी आसाममधल्या कार्बी आंगलाँग जिल्ह्यात आणखी दोघे गेले, तिथे संशय मुले पळवल्याचा होता. धोक्याची घंटा इथेच वाजली होती.

30 जूनची रात्र: काही तास आधी

त्या रात्री भारतात व्हॉट्सअॅपची 20 कोटींहून अधिक खाती होती. एका ग्रुपमध्ये 256 माणसे मावत. एक संदेश एकाच वेळी सुमारे 250 ठिकाणी फॉरवर्ड करता येई. ती सगळी ठिकाणे भरलेले ग्रुप असतील, तर एकाच माणसाच्या एका कृतीतून सुमारे 64 हजार फोनवर तो संदेश पोचू शके. फॉरवर्ड झालेला आणि स्वतः लिहिलेला संदेश दिसायला सारखाच होता. मामाने पाठवले म्हणजे मामाने पाहिले असणार, असे वाचणाऱ्याने धरून चालावे, अशीच त्याची रचना होती.

अशा साधनांवर मर्यादा घालण्याचे तंत्र अवगत नव्हते असे नाही. अॅप बनवणाऱ्यांसाठी जी वाट असते, एपीआय, तिच्यावर अशी मर्यादा कित्येक वर्षे होती. ट्विटरच्या एपीआयवर 2013 मध्ये प्रत्येक 15 मिनिटांत किती विनंत्या करायच्या याचे माप ठरलेले होते. माप ओलांडले की प्रोग्रामला उत्तर मिळे: 429, विनंत्या फार झाल्या, थांबा. सर्व्हर कोलमडू नये आणि कचरा संदेशांचा पूर येऊ नये म्हणून अभियंत्यांनी हा बांध घातला होता. सर्व्हर वाचवायला जी काळजी घेतली गेली, ती माणसे वाचवायला अजून घेतली गेली नव्हती.

रविवार, 1 जुलै, सकाळ

साक्री तालुक्यातले राईनपाडा, धुळे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचे आदिवासी गाव. रविवार हा तिथला आठवडे बाजाराचा दिवस. आजूबाजूच्या पाड्यांवरून माणसे येतात, आणि त्यांच्यासोबत त्यांनी ऐकलेली प्रत्येक गोष्ट येते. ज्याच्याकडे फोन नाही, त्याच्यापर्यंतही फॉरवर्ड बाजारात पोचतो.

सकाळी 11 च्या सुमारास

पाच जण एसटीतून उतरले. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीचे हे पुरुष भिक्षा मागत फिरत होते. त्यांचे कुटुंबकबिले मंगळवेढा परिसरातले. गावोगाव फिरणे हीच त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची उपजीविका, आणि अनोळखी माणसाच्या भीतीने भरलेल्या त्या महिन्यात सगळ्यांत असुरक्षित माणसे हीच होती. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलू लागला, असे नंतर पोलिसांनी सांगितले. एवढ्यावर संशय पेटला.

त्यानंतरचा थोडा वेळ

बाजारातली गर्दी जमाव झाली. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन कोंडले गेले आणि तिथेच मारहाण झाली. हातात फोन असलेले चित्रीकरण करत होते. आपण मुले पळवणारे नाही, हे त्या पाच जणांनी सांगितले तरी ऐकणार कोण? फोनमधला पुरावा आधीच निकाल देऊन बसला होता.

पोलीस ठाणे पिंपळनेरला. कुमक पोचून जमाव आवरेपर्यंत उशीर झाला होता. पाचही जण मरण पावले.

त्याच रात्री, मालेगाव

शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, मालेगावच्या आझादनगर भागात, भिक्षा मागणाऱ्या एका कुटुंबाला जमावाने घेरले. त्यांच्यासोबत लहान मूल होते. स्थानिकांनी त्यांना एका घरात आसरा दिला आणि पोलिसांनी बाहेर काढले. हे कुटुंब वाचले. काही माणसांनी जमावाला काही काळ थोपवून धरले म्हणून वाचले. राईनपाड्याला हाच वेळ मिळाला नाही.

2 ते 10 जुलै

मारहाणीच्या व्हिडिओंवरून संशयितांना ओळखून पोलिसांनी अटक केली. केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने व्हॉट्सअॅपला जाब विचारला. 10 जुलैला कंपनीने वृत्तपत्रांत पानभर जाहिराती दिल्या आणि पुढे ढकललेल्या संदेशांवर ‘फॉरवर्डेड’ ही खूण येऊ लागली.

13 जुलै, मुरकी

बिदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यात हैदराबादहून आलेल्या तरुणांनी मुलांना चॉकलेटे दिली. गावकऱ्यांना संशय आला म्हणून ते मोटारीने निघाले. संदेश मोटारीच्या पुढे धावला. पुढच्या मुरकी गावाने रस्ता अडवून ठेवला होता. त्या तरुणांतला एक अभियंता मारला गेला. नुसती खूण पुरणार नव्हती. वेग कमी करायला हवा होता.

17 ते 20 जुलै

17 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला खटल्यात प्रत्येक जिल्ह्यात झुंडबळी रोखण्यासाठी नोडल अधिकारी नेमण्याचा आदेश दिला. त्याच आठवड्यात व्हॉट्सअॅपने जाहीर केले: भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी, आणि फोटो-व्हिडिओशेजारचे झटपट फॉरवर्डचे बटण बंद. बाकी जगासाठी मर्यादा 20 होती.

एकाने 20 जणांना आणि पुढे प्रत्येकाने आणखी 20 जणांना पाठवत गेले, तर पाचव्या टप्प्याला 32 लाख प्रती होतात. पाच-पाचने गेले तर 3,125. संदेश तोच, त्यावर विश्वास ठेवणारे तेच. पण जिल्ह्याच्या पोलिसांना खुलासा करायला, शिक्षकाला समजावायला, सरपंचाला दवंडी द्यायला अवधी मिळतो.

त्यानंतर

1 ऑगस्ट 2018 ला व्हॉट्सअॅपने व्यवसायांसाठी एपीआय खुली केली. तिथे किती ग्राहकांना 24 तासांत आपणहून संदेश पाठवायचे याच्या पायऱ्या ठरवल्या गेल्या: 1 हजार, 10 हजार, 1 लाख. जानेवारी 2019 मध्ये पाचची मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल 2020 मध्ये, करोनाकाळात, वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवण्याचा नियम आला आणि असे संदेश 70 टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले.

म्हणजे उपाय होता आणि लागूही पडला. हत्येचा दोष मारणाऱ्या हातांचा आहे, तो अॅपवर ढकलता येणार नाही. पण त्या हातांपर्यंत खोटे किती वेगाने पोचावे, हे कुणीतरी कार्यालयात बसून ठरवलेले असते. म्हणून असे साधन गावात येण्याआधीच त्याच्या वेगाला मर्यादा हवी. धरण भरण्याआधी सांडवा बांधतात, तशी. आणि ती किती असावी याचा निर्णय कंपनीने एकटीने, माणसे मेल्यावर घेऊ नये. राईनपाड्यातल्या पाच जणांच्या कुटुंबांना कायद्याच्या न्यायाइतकाच हाही हिशेब मागण्याचा हक्क आहे.