अकरावीची शेवटची तुकडी

मंडळी, आपल्या मंडळात साठी ओलांडलेलं कोणी भेटलं की एक प्रश्न विचारून बघा, "तुम्ही दहावी की अकरावी?" इथे वाढलेल्या मुलांना हा प्रश्न कळणार नाही, पण आमच्या पिढीची सरळ दोन गटांत वाटणी या एका प्रश्नाने होते. मी अकरावीवाला, आणि तोही अगदी काठावरचा. महाराष्ट्रात अकरावीला एस.एस.सी. होणारी शेवटची नियमित तुकडी मार्च १९७५ मध्ये परीक्षेला बसली, तिच्यातला मी एक. त्याच मार्चमध्ये आमच्या मागच्या वर्गाने दहावीची पहिली एस.एस.सी. दिली. एकाच शाळेतून एकाच वर्षी दोन वर्ग बाहेर पडले. या गोष्टीला २०२५ मध्ये पन्नास वर्षं झाली, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या घरी या परीक्षेला एस.एस.सी. कोणी म्हणत नसे. आजोबांपासून सगळे म्हणत "मॅट्रिक". हा शब्द मुंबई विद्यापीठाच्या काळातला. विद्यापीठ १८५७ चं, आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक झाली. न्यायमूर्ती रानडे त्या पहिल्या परीक्षेतले. पुढे १८६२ मध्ये बी.ए. झाले ते चौघेच: रानडे, रा. गो. भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. महाराष्ट्राच्या इतिहासातला हा बहुधा सर्वांत छोटा आणि सर्वांत मोठा वर्ग! १९०७ मध्ये बाबासाहेब आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा त्यांच्या सत्काराची सभा भरली आणि कृ. अ. केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. एका मुलाचं मॅट्रिक होणं ही सगळ्या समाजाची गोष्ट होती. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने परीक्षा विद्यापीठाकडून वेगळ्या मंडळाकडे गेली, नाव एस.एस.सी. झालं. १ जानेवारी १९६६ पासून सगळ्या महाराष्ट्राचं एक मंडळ आलं. लोकांच्या तोंडी मात्र मॅट्रिकच राहिली.

दहावी आणली ती कोठारी आयोगाने. १९६४ ते १९६६ या काळात या आयोगाने देशभरच्या शिक्षणाचा आढावा घेतला आणि सगळीकडे १०+२+३ असा एकच आकृतिबंध असावा असं सुचवलं. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणात ते आलं. कागदावर हे अगदी सुटसुटीत दिसतं. अकरावी गेली, ज्युनिअर कॉलेजची दोन वर्षं आली, झालं! पण प्रत्येक बदलात कोणीतरी मधल्या सांध्यावर असतंच. इथे ते आम्ही होतो.

आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, माण तालुक्यात. पाऊस नावापुरता. सातवीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा, आणि आठवी ते अकरावी हायस्कूल. म्हणजे अमेरिकेतल्या हायस्कूलसारखीच चार वर्षं. जून १९७१ मध्ये आठवीच्या वर्गात आम्ही सत्तावीस जण बसलो, बावीस मुलगे आणि पाच मुली. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरची मुलं दोन-दोन कोस चालत येत. बहुतेकांची फी ईबीसीमध्ये माफ होती. आईबापाचं वर्षाचं उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असेल तर फी नाही, अशी ती सवलत. यशवंतरावांच्या सरकारने ती आणली नसती तर आमच्या वर्गात पाच-सहा डोकी उरली असती.

आम्ही नववीत गेलो आणि १९७२ चा दुष्काळ आला. आजही गावाकडे "बहात्तरच्या दुष्काळात" म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. आमच्या वर्गातली निम्मी मुलं सुट्टीत पाझर तलावाच्या कामावर माती वाहायला आणि खडी फोडायला जात. तिथे सुकडी मिळे, रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो मिळे. त्या भाकरीची चव मी इथे येऊन चाळीस वर्षं झाली तरी विसरलेलो नाही. हेडमास्तरांनी त्या वर्षी एक गोष्ट केली. कामावर गेलेल्या एकाही मुलाचं नाव हजेरीपटावरून कमी केलं नाही. संध्याकाळी कंदील लावून ते आमचा बुडालेला अभ्यास घेत.

दुसरा फटका जरा वेगळा होता. गावात पद्धत अशी, की वरच्या वर्गाची पुस्तकं खालच्याने अर्ध्या किमतीत घ्यायची. ती पुढे तिसऱ्याकडे जात, शेवटी पानं सुटेपर्यंत. आम्हाला मोठ्यांची पुस्तकं मिळाली, पण आमची कोणी घेईना, कारण मागच्या वर्गाचा अभ्यासक्रमच नवा. ती मुलं दहावीची पहिली तुकडी होणार होती. मास्तर दोनच, त्यांनाच दोन्ही अभ्यासक्रम शिकवायचे. शेवटच्या वर्षी आमचा तास संपला की तेच मास्तर पलीकडच्या खोलीत जाऊन वेगळं पुस्तक उघडत. आम्ही त्या मुलांना चिडवत असू, "अरे, एक वर्ष कमी शिकून तुम्ही कसले मॅट्रिक?" तीही म्हणत, "आणि तुमची अकरावी उद्या कोणी विचारणार नाही!"

निकाल लागला. सत्तावीसपैकी पंधरा पास, बारा नापास. त्या काळी खेड्यातल्या शाळेला हा निकाल बरा म्हणावा असा. एरवी नापास झालेली मुलं जूनमध्ये पुन्हा त्याच वर्गात, धाकट्या भावंडांच्या शेजारी बसत. पण जून १९७५ मध्ये शाळेत अकरावीचा वर्गच उरला नव्हता. परत बसायला बाक नाही, शिकवायला तास नाही. जुन्या अभ्यासक्रमाची परीक्षा द्यायची तर घरी बसून, बाहेरून द्यायची. आमच्यातल्या तिघांनी ती नंतर दिली आणि सुटले. बाकीच्या नऊ जणांचं शिक्षण तिथेच थांबलं. त्यांत तीन मुली होत्या. वर्षाच्या आत तिघींची लग्नं झाली. २५ जूनच्या रात्री आणीबाणी जाहीर झाली आणि देशात त्याचीच चर्चा. आमच्या गावातल्या बारा घरांत चर्चा दुसरीच होती.

पुढच्या पन्नास वर्षांत या सत्तावीस जणांचं काय झालं हे पाहिलं तर महाराष्ट्राचा अर्धा इतिहास त्यात सापडतो. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ मध्ये झालं होतं, खेडोपाडी शाखा निघत होत्या. दोघे बँकेत चिकटले. तिघे फौजेत गेले, साताऱ्याकडची ती जुनी वाट. पास झालेल्या दोन मुलींपैकी एक शिक्षिका झाली, एक नर्स. मी डिप्लोमा करून पुण्याला कारखान्यात लागलो आणि १९८५ मध्ये इकडे आलो. नापासांतला एक मुंबईला गिरणीत बदली कामगार म्हणून लागला. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो वर्षभराने ट्रंक घेऊन गावी परतला. आज त्याची डाळिंबाची बाग आहे. आणि लग्न होऊन गेलेल्या तिघींपैकी एक, ७३ व्या घटनादुरुस्तीने स्त्रियांना पंचायतीत राखीव जागा मिळाल्यावर, सासरच्या गावची सरपंच झाली. तिच्या काळात त्या गावात हायस्कूल आलं.

आमच्या वर्गाचे मेळावे पूर्वीही झाले, दोनदा. पण पत्रिकेवर छापलेलं असे, "१९७५ साली उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांचा मेळावा". साहजिकच बारा-तेरा जण यायचे. बाकीचे का येत नाहीत, असं आम्ही एकमेकांना विचारायचो. उत्तर पत्रिकेवरच छापलेलं होतं! २०२५ च्या फेब्रुवारीत पन्नाशीचा मेळावा ठरला तेव्हा आमच्या शिक्षिका मैत्रिणीने मजकूर बदलला: "जून १९७१ मध्ये आठवीच्या वर्गात बसलेले आपण सगळे". शाळेच्या जनरल रजिस्टरवरून तिने सत्तावीस नावं उतरवून काढली आणि एकेकाचा फोन नंबर शोधला.

चौघे आता नाहीत. तेवीसपैकी एकोणीस जण आले. हजेरी घेतली, सत्तावीसच्या सत्तावीस नावांची. बागवाल्या मित्राने पन्नास वर्षांत पहिल्यांदा शाळेच्या फाटकातून आत पाऊल टाकलं होतं. सरपंचबाई म्हणाल्या, "मला वाटायचं, मी या वर्गातली नाहीच. सर्टिफिकेट तुमच्याकडं, मग वर्ग पण तुमचाच." त्यावर कोणाला काही बोलता आलं नाही. मग दुष्काळातल्या कंदिलाच्या आठवणी निघाल्या आणि त्या सगळ्यांत जास्त त्यांनाच पाठ होत्या. मास्तर कोणत्या दिवशी काय शिकवत होते तेसुद्धा.

आता आकृतिबंध पुन्हा बदलतो आहे. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानुसार १०+२ च्या जागी ५+३+३+४ येतं आहे आणि महाराष्ट्रात २०२५-२६ पासून पहिलीपासून त्याची सुरुवात झाली. शेवटचा टप्पा नववी ते बारावी, म्हणजे पुन्हा चार वर्षांचा. बदल चांगला की वाईट हे तज्ज्ञांनी सांगावं. मला एवढंच वाटतं, की या वेळीही कुठल्यातरी गावात एक वर्ग सांध्यावर येईल. त्यात जो मागे राहील त्याला परत बसायला एक बाक ठेवा, म्हणजे झालं.

आपण इथे आलेले बहुतेक सगळे उत्तीर्णांच्या यादीतले. मुलांना आपण आपले टक्के सांगतो, बोर्डात कितवे आलो ते सांगतो. या दिवाळीत घरातल्या आजी-आजोबांना मुलांनी जरा वेगळं विचारावं: तुमच्या वर्गात किती जण होते, आणि ते सगळे कुठे आहेत? आणि तुमच्याही वर्गाच्या मेळाव्याची पत्रिका निघणार असेल, तर छापण्याआधी पहिली ओळ एकदा वाचून बघा.