भाजीवरचे विष आणि फवारणाऱ्याचे हात

मुंबईत लोकलच्या रुळांकडेला पालक, माठ, मुळ्याचे वाफे वर्षानुवर्षे दिसत आले. ‘अधिक धान्य पिकवा’ योजनेखाली रेल्वेने ही जमीन आपल्या कर्मचाऱ्यांना कसायला दिली. प्रत्यक्ष राबत आला तो बहुतेकदा पोटासाठी शहरात आलेला मजूर. या भाजीची बातमी झाली की प्रश्न एकच विचारला जातो : ही भाजी खावी की नाही? पाठीवर पंप घेऊन फवारणाऱ्याचे काय होते, हे कुणी विचारत नाही.

मित्रहो, हा विसर आजचा नाही. १९५८ साली केरळमध्ये पॅराथिऑन हे कीटकनाशक वाहतुकीत गव्हाच्या पिठात मिसळले आणि शंभरावर माणसे दगावली. चौकशी झाली, त्यातून १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. म्हणजे विष ताटात आले, तेव्हा देश जागा झाला. १९७१ च्या नियमांत फवारणाऱ्यासाठी संरक्षक कपड्यांची तरतूद झाली खरी. पण ते कपडे किती शेतमजुरांच्या अंगावर चढले?

पुढे २००५ साली मोनोक्रोटोफॉसला भाज्यांवर बंदी आली. कापसावर मात्र तेव्हा परवानगी कायम ठेवली गेली. खाणाऱ्याचा जीव मोलाचा आणि फवारणाऱ्याचा स्वस्त, असाच याचा अर्थ नाही का? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात गेले. तेव्हाही ‘हातमोजे का घातले नाहीत?’ म्हणून दोष त्यांच्याच माथी मारला गेला.

आणि खाणारा तरी सुरक्षित आहे का? दुकान एक, बाटली एक. कापसाचे औषध भाजीवर मारायला कोण अडवते? मोनोक्रोटोफॉस आंतरप्रवाही आहे, झाडाच्या रसात भिनते. मिठाच्या पाण्यात भाजी धुऊन ते सारे निघत नाही. ते थांबवायचे तर फवारणीच्या जागीच थांबवावे लागते.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४६ साली, कारखान्यातल्या कामगाराचा आठवडा ४८ तासांवर आला. कामगाराचे रक्षण ही मालकावर उपकाराची नव्हे, कायद्याची जबाबदारी, ही त्यामागची भूमिका. ती शेताच्या बांधावर अजून पोहोचलेली नाही. म्हणून भाजीच्या तपासणीची मागणी जरूर करूया. पण संरक्षक साहित्य मालकाने दिलेच पाहिजे आणि फवारणाऱ्याच्या रक्ताचीही तपासणी झाली पाहिजे, ही मागणी त्याच निवेदनात लिहूया.

जय भीम!