अबुल फजलचे लोणार आणि र्युगूवरची पेटी

अकबराचा इतिहासकार अबुल फजल काही काळ जालन्यात राहिला होता, असे गॅझेटियर सांगते. त्याच्या 'आईन-ए-अकबरी'त मंठ्याच्या पलीकडच्या लोणारची नोंद आहे: तिथल्या सरोवरातून काच आणि साबणासाठी लागणारे क्षार मिळतात आणि त्यावर महसूलही येतो. मात्र हे विवर आकाशातून आदळलेल्या दगडामुळे झाले, हे त्या काळी कुणालाच ठाऊक नव्हते.

ते सिद्ध व्हायला 1970चे दशक उजाडले. भारतीय भूवैज्ञानिक आणि अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेचे संशोधक एकत्र आले. विवराच्या तळाला छिद्रे पाडून त्यांनी खडक तपासले, तेव्हा आघाताच्या खुणा सापडल्या.

आता माणूसच त्या दगडांकडे जातो. जर्मनी आणि फ्रान्सने मिळून 'मॅस्कॉट' ही सुमारे 10 किलोची पेटी तयार केली. जपानच्या हायाबुसा-2 यानाने 3 ऑक्टोबर 2018 रोजी ती र्युगू लघुग्रहावर सोडली. बॅटरी संपेपर्यंत, म्हणजे सुमारे 17 तास, तिने माहिती पाठवली.

लोणारचे कोडे एकट्या देशाने सोडवले नाही, र्युगूचेही नाही. अबुल फजलचा अभिमान नुसता मिरवू नका. मुलांना एकदा लोणार दाखवा आणि पुढचा प्रश्न त्यांना विचारू द्या.