घरचे मैदान : फातोर्ड्याच्या स्टेडियमची कथा

धानाची कापणी आटोपली की आमच्या गोंदिया जिल्ह्यात बांध्या मोकळ्या होतात आणि शाळेतून परतलेली मुले बांधावर दप्तरे टाकून फुटबॉल खेळू लागतात. मागे अशाच एका संध्याकाळी आमच्या धर्मग्रामातील एका मुलाने मला विचारले, “फादर, टीव्हीवर सांगतात, एफसी गोवा आज घरच्या मैदानावर खेळते म्हणून. ते मैदान त्यांचं स्वतःचं असते का जी?” प्रश्न साधा होता, उत्तर मात्र तितके साधे नव्हते. ते शोधताना मडगावच्या फातोर्डा स्टेडियमचा जो इतिहास हाती आला, तो वाचकांपुढे ठेवीत आहे.

गोव्यात फुटबॉल कसा आला, याविषयी सर्वत्र सांगितली जाणारी हकिकत अशी की, १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स हे आयरिश धर्मगुरू शिवोली गावी आले आणि त्यांनी तेथील मुलांना हा खेळ शिकविला. पुढे हडफडे येथील सेंट जोसेफ शाळेतून त्याचा प्रसार झाला. राज्य पोर्तुगीजांचे, खेळ इंग्रजांचा आणि पाय मात्र गोमंतकीय पोरांचे! चर्चसमोरील पटांगण आणि कापणीनंतरचे भातशेत ही या खेळाची पहिली क्रीडांगणे होत. तेथे प्रवेशाला तिकीट नव्हते आणि बसायला खुर्ची नव्हती. परंतु आपला वाडा जिंकावा म्हणून सारे गाव बांधावर उभे राहत असे.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून या गावठी हौसेला संस्थांचे रूप आले. वास्को, साळगावकर, धेंपो हे क्लब उभे राहिले. १९५९ साली गोवा फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. १९८३ व १९८४ साली संतोष करंडकावर गोव्याचे नाव लागले. ३० मे १९८७ रोजी गोवा स्वतंत्र घटकराज्य झाले, तेव्हा या राज्याला आपल्या आवडत्या खेळासाठी मोठे स्टेडियम हवे होते. ते मडगावलगतच्या फातोर्डा येथे उभारण्यात आले. १९८९ हे पंडित नेहरूंचे जन्मशताब्दी वर्ष. म्हणून त्यास जवाहरलाल नेहरू स्टेडियम असे नाव मिळाले. त्याच वर्षाच्या आरंभी नेहरू चषकाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा येथे झाली आणि अंतिम सामन्यात हंगेरीने सोव्हिएत संघाला नमविले. ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलिया व श्रीलंका यांचा एकदिवसीय क्रिकेट सामनाही येथे झाला. पुढे काही वर्षे क्रिकेटचा पाहुणचार येथे होत राहिला, तरी घराचा खरा धनी फुटबॉलच राहिला. १९९९ साली दक्षिण आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने बांगलादेशाचा २-० असा पराभव केला, तोही येथेच.

हे स्टेडियम कोणत्याही एका क्लबच्या मालकीचे नाही. ते गोवा शासनाचे आहे. धेंपो, चर्चिल ब्रदर्स, साळगावकर, स्पोर्टिंग या साऱ्यांनी ते आपले घर मानले. जणू एकाच ओसरीवर नांदणारी चार बिऱ्हाडे! परस्परांशी झुंजताना दोन्ही पक्ष घरचेच असत. या चुरशीचे फळ असे की, २००७-०८ पासून २०१२-१३ पर्यंत आय-लीगचे सलग सहा हंगाम गोव्याच्या क्लबांनी जिंकले : धेंपोने तीन, चर्चिलने दोन व साळगावकरने एक. इतक्या लहान राज्याच्या दृष्टीने हा पराक्रम विलक्षण म्हटला पाहिजे.

जानेवारी २०१४ मधील ल्युसोफोनिया क्रीडास्पर्धेच्या निमित्ताने या वास्तूचा कायापालट झाला. प्रेक्षकांच्या डोक्यावर छप्पर आले. ज्या पायऱ्यांवर माणसे खेटून बसत, तेथे स्वतंत्र खुर्च्या बसविण्यात आल्या; त्यामुळे बसणाऱ्यांची संख्या घटून सुमारे १९ हजारांवर आली. हिरवळ मात्र नैसर्गिकच राहिली आणि प्रकाशझोतांमुळे रात्रीचे सामनेही सुखाने होतात. याच सोयींच्या बळावर २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने या मैदानाला लाभले. इराणच्या मुलांनी जर्मनीसारख्या बलाढ्य संघाला ४-० असे हरविले, ते याच हिरवळीवर. २०२२ साली मुलींच्या विश्वचषकाचेही सामने येथे झाले.

२०१४ साली स्थापन झालेल्या एफसी गोवा या क्लबाचे हे घरचे मैदान. डिसेंबर २०१५ मध्ये इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात अखेरच्या क्षणांपर्यंत आघाडीवर असलेला हा संघ चेन्नईकडून ३-२ असा हरला. घरच्या अंगणातला तो पराभव गोमंतकीयांच्या जिव्हारी लागला. पुढील वर्षी धेंपो, साळगावकर व स्पोर्टिंग या तिन्ही जुन्या क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. राष्ट्रीय स्पर्धांची नवी रचना त्यांना मान्य नव्हती. छप्पर नवे झाले; पण ओसरीवरची जुनी बिऱ्हाडे उठली. धेंपो पुन्हा आय-लीगमध्ये परतायला २०२४ साल उजाडावे लागले.

त्याहून मोठा धडा महामारीने दिला. १४ मार्च २०२० चा अंतिम सामना येथे प्रेक्षकांविना झाला. त्यानंतर २०२०-२१ चा संपूर्ण हंगाम गोव्यातील तीनच मैदानांवर, बंद दारांआड खेळविण्यात आला. कोलकात्याचा ईस्ट बंगाल असो की केरळचा संघ असो, कागदोपत्री सर्वांचे ‘घरचे मैदान’ गोव्यातच होते आणि घरचे माणूस मात्र एकही नव्हते. १४ एप्रिल २०२१ रोजी एफसी गोवाने आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत पहिले पाऊल टाकले. हा मान मिळविणारा तो पहिला भारतीय क्लब. कतारच्या अल-रय्यानशी त्यांनी ०-० अशी बरोबरी साधली. क्लबच्या इतिहासातील तो अभिमानाचा दिवस; पण टाळी वाजवायला खुर्च्यांवर कोणी नव्हते. २० मार्च २०२२ च्या अंतिम सामन्याला दारे उघडली, तेव्हा केरळहून आलेल्या चाहत्यांनी स्टेडियम पिवळ्या रंगात न्हाऊन निघाले. त्यांचा संघ हैदराबादकडून हरला खरा. परंतु रिकाम्या वास्तूत पुन्हा प्राण आला.

त्या मुलाला मी उत्तर दिले ते असे : “नाही बाळ, ते मैदान त्यांच्या मालकीचे नाही. जेथे आपली माणसे आपली वाट पाहतात, ते घरचे मैदान.”

वाचकहो, आमच्या चर्चमागे एक मोकळी जागा आहे. तेथे लग्नाचे सभागृह बांधावे, म्हणजे धर्मग्रामाला उत्पन्न होईल, अशी सूचना काही वडीलधाऱ्यांनी केली आहे. त्यांचा हेतू चांगला आहे आणि आमची गरजही खरी आहे. निर्णय सर्वांनी मिळून घ्यावयाचा आहे. माझे इतकेच म्हणणे आहे की, त्या बैठकीला येण्यापूर्वी प्रत्येकाने एका संध्याकाळी तेथे जाऊन उभे राहावे. फातोर्ड्याच्या साऱ्या वैभवाचा आरंभ अशाच एका पटांगणात झाला होता. आणि बांध्यांत तर जून उजाडला की पुन्हा नांगर फिरतो. मग मुलांनी जायचे कोठे?